देल्फिनच्या कपाटापेक्षा दोन फूट मोठं

देल्फिनच्या दुकानात ते काचेचं थंड कपाट उतरलं, तेव्हा मी व्हरांड्यातल्या ऑर्किडला पाणी घालत होतो. ऑर्किडला आठवड्यातून दोनदा पाणी पुरतं हे मला ठाऊक आहे. एकोणतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलंय. पण त्या सकाळी मी सलग चाळीस मिनिटं पाणी घातलं, कारण हातात झारी असली की माणसाला समोरच्या घराकडे बघण्याचा अधिकार मिळतो. चौघांनी मिळून ते ट्रकमधून उतरवलं, आत नेलं, वायर जोडली. आणि आत पांढरा दिवा लागला तेव्हा माझ्या ऑर्किडच्या कुंडीतून पाणी वाहून चपलांत शिरलं होतं.

देल्फिन सागारिनो माझ्याच शाळेत व्यायाम शिकवायचा. आम्ही दोघं एकाच दिवशी निवृत्त झालो, एकाच स्टेजवर, एकसारखी लाकडी पाटी घेऊन. टाळ्या त्याला जास्त वेळ पडल्या. मी काही घड्याळ लावलं नव्हतं, पण मुलं शिट्टीवाल्या मास्तरला जास्त टाळ्या वाजवतात, हे समजण्याइतका मी मोठा माणूस आहे.

निवृत्तीनंतर फिलिपिन्समधल्या आमच्या दुमागेते शहरातल्या निम्म्या मास्तरांचं जे होतं तेच आमचंही झालं. घरातली पुढची खोली दुकान झाली आणि बायको मालकीण. त्याची कारिदाद केक करते. माझी मेडिंग सिल्वानास करते: काजूच्या कुरकुरीत चकत्या, मध्ये लोण्याचं क्रीम, बाहेरून बिस्किटाचा चुरा, आणि सगळं गोठवून टणक केलेलं. गिऱ्हाईक त्यांच्याकडून केक घ्यायचं आणि रस्ता ओलांडून आमच्याकडून सिल्वानासचा डबा. भांडायला कुठे जागाच नव्हती. तरी मी मनातल्या मनात थोडी करून ठेवली होती.

आता त्या कपाटाविषयी. समोरची काच गोल वळवलेली, आत चार फळ्या, आणि कारिदादचा जांभळ्या कंदाचा केक त्या उजेडात असा बसलेला की जणू फोटो काढायला बसलाय. जाणारे-येणारे थांबायला लागले. तीनचाकीवाले वेग कमी करायचे. आणि आमचा माल कुठे? स्वयंपाकघरातल्या पेटीसारख्या आडव्या फ्रीझरमध्ये, वर क्रोशाचा रुमाल. गिऱ्हाईक आलं की मेडिंग झाकण उचलायची, कमरेपर्यंत आत वाकायची आणि डबा घेऊन वर यायची. बघणाऱ्याला वाटावं, विहिरीत पडलेलं काहीतरी काढतेय.

कोपऱ्यावर नांग कॉन्सोर्सियाचं दुकान आहे. आमच्या गल्लीत लहान-थोर सगळे तिला नांग, म्हणजे ताईच म्हणतात. ती साबण, सार्डिनचे डबे आणि तेल सुटं विकते; सल्ला फुकट देते. मी काडेपेटी घ्यायला गेलो तर म्हणाली, की देल्फिनच्या कपाटाची काच म्हणे आपोआप पुसली जाते, बाहेर धुकं धरतच नाही. मी काडेपेटी घेतली आणि चारचौघांसारखा घरी आलो. पण खरं सांगायचं तर काच पुसली जाते ही गोष्ट मला फार लागली. उजेडाचं मी पचवलं होतं.

मेडिंगला म्हटलं, आपल्यालाही हवं. ती पीठ चाळत होती. "टिनो," ती म्हणाली, "आपल्या गिऱ्हाइकाला काच खायची नाहीये."

मी थोड्या वेळाने देल्फिनकडे केकचा एक तुकडा विकत घ्यायला गेलो. म्हणजे कपाट जवळून बघायला. त्याला आनंद झाला. त्याने मला स्टूल दिलं, कॉफी दिली, कपाटाच्या मागे नेलं आणि रेफ्रिजरेटर कसा चालतो ते समजावून सांगितलं. मला. की हे यंत्र थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून मागून बाहेर टाकतं. हे वाक्य माझ्या नववीच्या धड्यातलं आहे. मी ते एकोणतीस वर्षं फळ्यावर लिहिलंय, दोन रंगांच्या खडूंनी. त्याने ते विक्रेत्याकडून ऐकलेलं. मी मान डोलावत राहिलो. केकही चांगला होता, हे आणखी एक दुःख.

दुसऱ्या दिवशी मी मुख्य रस्त्यावरच्या यंत्रांच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीने चार प्रश्न विचारले: आत काय ठेवणार, किती थंड लागतं, दुकानाचा दरवाजा किती रुंद आहे आणि कपाट नेमकं कुठे उभं राहणार. चारही प्रश्न उत्तम होते. मी पाचवाच प्रश्न तिला विचारला: सागारिनोने नेलं ते किती फुटी?

"चार," ती म्हणाली.

"मग सहा द्या."

तिने जाता-जाता पुन्हा विचारलं की केक ठेवणार की गोठलेला माल, कारण दोन्हीची यंत्रं वेगळी. मला वाटलं, ही माझी परीक्षा घेतेय. मी म्हणालो, "बाई, मी विज्ञानाचा शिक्षक आहे." तिने आणखी काही न विचारता बिल लिहायला घेतलं. हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळदा वापरलंय, आणि दर वेळी त्यानंतर लोक मला मदत करायचं थांबतात.

कपाट आलं ते बुधवारी, भर अकराला, गल्ली पूर्ण जागी असताना. ही वेळ मीच मागून घेतली होती. ट्रकचा मागचा पत्रा खाली झाला, माणसांनी कपाट आमच्या दारापर्यंत आणलं आणि तिथेच ते थांबलं. दार बत्तीस इंच. कपाट आडवं सहा फूट हे ठीक, पण पुढून मागेपर्यंतची खोलीच छत्तीस इंच. उभं करून पाहिलं, तिरकं करून पाहिलं, तर हमाल म्हणाले की फार कलवू नका, कॉम्प्रेसरचं तेल भलतीकडे जाईल. तेवढ्यात देल्फिन रस्ता ओलांडून आला. सवयीने त्याने डावीकडे, उजवीकडे, आता एकदम उचला, असं सुरू केलं, आणि हमाल त्याचं ऐकू लागले. माझे हमाल. शेवटी त्याने खिशातून टेप काढली, दार मोजलं आणि मला हळूच विचारलं, "सर, आधी मोजलं नव्हतं?"

त्याने हे टोमणा म्हणून विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

उपाय एकच होता. पुढची खिडकी जाळीसकट काढायची, खालची दोन हात भिंत पाडायची, कपाट आत घ्यायचं आणि पुन्हा बांधायचं. भिंत रस्त्याकडेची, म्हणून बारांगायची, म्हणजे आमच्या वस्तीच्या कार्यालयाची, परवानगी हवी. तिथे ज्युवेलिन नावाची माझीच जुनी विद्यार्थिनी बसते. गुणी मुलगी. मला बघितलं की उभी राहते आणि मी जाईपर्यंत उभीच राहते, त्यामुळे तिला एकही खण उघडता येत नाही. मी तीनदा बस म्हटल्यावर अर्ज सापडला. त्यात नवं बांधकाम होतं, वाढीव बांधकाम होतं, पाडकाम होतं. कपाट आत घेणे हा प्रकार नव्हता. पुष्कळ विचार करून तिने तात्पुरतं पाडकाम असं लिहिलं. पाडकाम म्हटल्यावर अभियंत्याची सही लागते. अभियंता बायकोच्या माहेरी गेला होता. शिवाय डावीकडच्या, उजवीकडच्या आणि समोरच्या शेजाऱ्याची संमती लागते.

समोरच्या शेजाऱ्याची.

मी तो कागद घेऊन त्याच्याकडे गेलो. देल्फिनने वाचलादेखील नाही. एवढी मोठी सही केली की ती उजवीकडच्या शेजाऱ्याच्या चौकोनात गेली, आणि ज्युवेलिनला नवा अर्ज द्यावा लागला. दुसऱ्यांदाही त्याने तितक्याच प्रेमाने केली. सोबत केकचा तुकडा बांधून दिला. तो मी रस्त्यातच खाल्ला, मेडिंगला न दाखवता.

दरम्यान तीन दिवस कपाट फूटपाथवर ताडपत्रीखाली उभं होतं. पहिल्या दिवशी नांगच्या मांजरीने त्यावर मुक्काम ठोकला. दुसऱ्या दिवशी मासेवाली आपली टोपली त्यावर ठेवून सौदे करू लागली, कारण उंची तिला बरोबर होती. तिसऱ्या दिवशी कुणीतरी हरवलेल्या झुंजीच्या कोंबड्याची जाहिरात चिकटवली, आणि त्याच दुपारी बारांगायची नोटीस आली, की आपण सार्वजनिक वाट अडवली आहे. नोटीस द्यायला ज्युवेलिनच आली. मी वाचून संपवेपर्यंत ती उन्हात उभी होती.

अभियंता परतला, सही झाली, भिंत पडली, कपाट आत आलं, भिंत पुन्हा बांधली, सगळ्या घरभर सिमेंटची धूळ झाली. वायर जोडली तर घरातले सगळे दिवे मिणमिणले. वीज सहकारी संस्थेचा माणूस आला, म्हणाला याला वेगळी लाइन हवी. वेगळ्या लाइनला वेगळा अर्ज. तो सगळा भाग मी सोडून देतो. एवढंच सांगतो की समोर देल्फिनचा दिवा या काळात एकदाही मिणमिणला नाही. मी बघत होतो.

हे सगळं उरकल्यावरच्या शनिवारी सकाळी दहाला फादरना आशीर्वाद द्यायला बोलावलं. साध्या दुकानात नवा वजनकाटा आला तरी आमच्याकडे पवित्र पाणी शिंपडतात, मग सहा फुटी कपाटाला नको? अख्ख्या गल्लीला आमंत्रण दिलं. देल्फिन आणि कारिदादसाठी पुढच्या रांगेत दोन खुर्च्या ठेवल्या, अगदी कपाटाच्या समोर, जेणेकरून त्यांना दुसरीकडे कुठे बघताच येऊ नये. पहाटेपासून मेडिंगने काढलेले एकशेवीस सिल्वानास मी स्वतः फळ्यांवर मांडले. ती एकदा म्हणाली की आत हात घातला तर फार थंड लागत नाहीये. मी तिला समजावलं की काच मोठी असली की तसं वाटतं. आणि थंडीची कळ शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवली. कपाटही मागे भिंतीला घट्ट चिकटवून ठेवलं होतं. कारण एक वीत पुढे ठेवलं तर दाराची चौकट मध्ये यायची आणि रस्त्यावरून त्याची पूर्ण लांबी दिसायची नाही. पूर्ण लांबी दिसणं महत्त्वाचं होतं.

दहापर्यंत सगळी काच धुक्याने पांढरी झाली. लोक म्हणाले, बापरे, किती थंड असेल. मीही तसंच समजलो. नांगने फक्त विचारलं की ही आपोआप पुसली जात नाही का. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

फादरनी प्रार्थना म्हटली, पाणी शिंपडलं. मी काच सरकवली आणि चिमट्याने पहिला सिल्वानास उचलला. वरची चकती वर आली. खालची फळीवरच राहिली. मी दुसरा उचलला, या वेळी खालून हात लावून, आणि फादरच्या हातात दिला. त्यांनी चावा घेतला मात्र, क्रीम मनगटावरून निघालं आणि बाहीत शिरलं. फादर सभ्य माणूस, ते हात तसाच वर धरून उभे राहिले, जणू आशीर्वाद अजून चालूच आहे. मागून खुर्च्यांचे आवाज आले.

देल्फिनने आपला सिल्वानास शेवटपर्यंत खाल्ला. बोटं चाटली. मग म्हणाला, "मऊ झालाय, सर. मला मऊच आवडतो."

आणि त्याच क्षणी कपाटातून टक् असा आवाज आला, आणि इतका वेळ चाललेली घरघर थांबली. दिवा मात्र चालूच राहिला, म्हणजे आतलं सगळं वितळताना स्वच्छ दिसत होतं.

मेडिंग आत गेली. आडव्या फ्रीझरचं झाकण उघडल्याचा आवाज आला. तिने मला न विचारता पन्नास नग मागे ठेवले होते. ते टणक, कुरकुरीत नग फिरल्यावर लोकांच्या जिवात जीव आला, गप्पा सुरू झाल्या, फादरनी दोन घेतले. मी कपाटापाशी उभा राहून आतल्या बाजूने काच पुसत होतो. त्यामुळे माझ्याशी बोलायचं की नाही हा प्रश्न कुणाला पडला नाही.

दुपारी दुरुस्तीवाला नोंग, म्हणजे दादा, बाल्तासार आला. शहरातली निम्मी थंड यंत्रं त्याच्या हातून गेलेली आहेत. गुडघा दुखतो म्हणून तो बादली पालथी घालून तिच्यावर बसला आणि त्याने मला यंत्रांच्या दुकानातल्या मुलीसारखे चार प्रश्न विचारले. तेच. या वेळी मी उत्तरं दिली. त्याने कपाट पुढे ओढायला लावलं, मागे हात नेला आणि झटकन काढून घेतला. उष्णता बाहेर टाकणारं मागचं जाळं इस्त्रीसारखं तापलं होतं. त्यात माझ्याच भिंतीची सिमेंटची धूळ होती, मांजरीचे केस होते आणि ताडपत्रीचा एक धागा. ब्रशने ते सगळं झाडून त्याने कळ मधल्या आकड्यावर आणली, थोडा वेळ थांबून बटण दाबलं. घरघर सुरू झाली.

"सर, यात काहीच बिघाड नाही," तो म्हणाला. "हा चिलर आहे. केकसाठी. चार अंशांवर ठेवणं हे याचं काम, आणि ते तो करतोय. तुम्हाला गोठवायचंय, त्याला उणे अठराचं फ्रीझर लागतं. तुम्ही याला दुसऱ्याचं काम सांगितलंत."

जाताना त्याने सांगितलं की मागे एक वीत जागा सोडा, महिन्यातून एकदा जाळं झाडा, आणि यात केक आठवडाभर हसत राहील. त्याने केकचं नाव घ्यायला नको होतं.

दुकानाने कपाट परत घेतलं नाही. पुढचे आठ दिवस ते आमच्या पुढच्या खोलीत रिकामं, उजळलेलं उभं होतं. मेडिंगने एका फळीवर पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, दुसरीवर तिच्या डोळ्यांचं औषध. नांग विचारून गेली की पाहुणे येणार आहेत तर तिची मासळी एक दिवस ठेवू का. मी रोज सकाळी काच पुसायचो. रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे, सहा फुटांत एक औषधाची बाटली, आणि पुढे जायचे.

नवव्या दिवशी जेवताना मेडिंगने सांगितलं की ती समोर जाऊन आली. कारिदादला म्हणे उत्सवाच्या ऑर्डरी परत कराव्या लागताहेत, चार फुटांत केक मावत नाहीत. देल्फिनचं कपाट पुरत नाही, हे मी तिला दुसऱ्यांदा सांगायला लावलं. भात गोड लागला. मी आणखी वाढून घेतला.

"म्हणून आपलं कपाट सोमवारी तिकडे जातंय," ती म्हणाली. "भाड्याने."

तो दुसऱ्यांदा घेतलेला भात मी कसा संपवला मला आठवत नाही. मी खूप बोललो. स्वाभिमान हा शब्द तीन वेळा आला. म्हणालो, लोक काय म्हणतील, की सरांनी देल्फिनसाठी कपाट विकत आणलं. मेडिंग म्हणाली, मग तूच सांग त्यात काय ठेवायचं. मी भिंतीकडे बघितलं. ती भिंत आता पुन्हा पाडायची होती.

ज्युवेलिनने अर्ज भरूनच ठेवला होता. उभ्यानेच दिला. देल्फिनची सही त्यावर आधीच होती, या वेळी चौकोनाच्या आत. आणि सोमवारी कपाट रस्त्यापलीकडे गेलं ते देल्फिनच्या रुंद दारातून एका दमात आत शिरलं. दुकान काढतानाच त्याने दार रुंद करून घेतलं होतं. त्याच्या कपाटाच्या शेजारी माझं उभं राहिलं, तर फरक कुणालाही दिसेल असा होता. संध्याकाळी दोन्हींत केक मांडले गेले. मी ऑर्किडला पाणी घातलं.

मी त्या घरात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही असं ठरवलं होतं. पण गुरुवारी देल्फिन स्वतः आला. दारातच उभा राहिला. म्हणाला, "सर, मागचं ते जाळं महिन्याला झाडायचं असतं म्हणे. मी भलतीकडे ब्रश घालीन, पातळ पत्रे वाकवीन. तुम्हाला आतलं कळतं. बघाल का?"

सगळं नाकारायची तयारी करून बसलेल्या माणसाला कुणी असं विचारलं तर त्याने काय करावं? मी म्हणालो, शनिवारी बघू.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी मऊ ब्रश, फडकं आणि टॉर्च घेऊन जातो. दोन्ही कपाटांची जाळी झाडतो. त्याचं आधी उरकतो, माझ्यावर वेळ घेतो. दाराचं रबर पुसतो, पाणी साचायची ताटली रिकामी करतो, काट्यावर चार अंश आहेत ना ते बघतो. कारिदाद कॉफी करते.

गेल्या शनिवारी मी असाच कपाटामागे गुडघ्यांवर बसलो होतो. दुकानात जवळच्या बाईस नावाच्या गावाहून आलेल्या दोन बायका शिरल्या. मी त्यांना दिसत नव्हतो, मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. एकीने काचेवर बोट टेकवलं असावं. म्हणाली, काय सुंदर कपाट आहे, या शेजारच्यापेक्षा हे बघ. दुसरी म्हणाली, अख्ख्या दुमागेतेत असं नसेल. मग देल्फिनला विचारलं, कुठून आणलंत?

मी ब्रश थांबवला. तो काय म्हणणार हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण त्याच्या जागी मी काय म्हटलं असतं हे मला पक्कं ठाऊक होतं. मी मनात उत्तराला उत्तरही तयार ठेवलं, आणि ते चांगलं झोंबरं होतं.

"ते माझं नाही," देल्फिन म्हणाला. "समोरच्या सरांचं आहे. निवड त्यांची. त्यांच्या घरचे सिल्वानास खाल्ल्याशिवाय जाऊ नका."

त्या बायका खरंच रस्ता ओलांडून गेल्या. तीन डबे घेतले, मेडिंगने नंतर सांगितलं. मी कपाटामागेच होतो. त्याच्या आवाजात कुठे खोच होती का, ते मी पुन्हा पुन्हा आठवून शोधलं. एकोणतीस वर्षं वर्गात नक्कल केलेला गृहपाठ मी नुसत्या आवाजावरून पकडलाय. इथे काहीच सापडेना. त्याला टाळ्या जास्त पडल्या ते मी सहन केलं, कपाट आधी आलं ते सहन केलं, दार रुंद निघालं तेही. पण हे वाक्य इतक्या सहज त्याला सुचावं आणि मला सुचलं नसतं, याचं मला त्या अरुंद जागेत जे काही झालं ते आजवर कशाचंच झालं नव्हतं.

"सर, झालं का?" त्याने वरून विचारलं. "कॉफी थंड होतेय."

"अजून थोडं राहिलंय," मी म्हणालो आणि स्वच्छ झालेल्या जाळ्यावरून पुन्हा ब्रश फिरवू लागलो.